नेवता दिलेला आघाडा

जनाआत्या झोपेतच गेल्याचा फोन सकाळी आला. बायको पलीकडच्या गल्लीत तिच्याकडे धावली. दिवस भरत आलेल्या पोरीजवळ मी थांबलो, आणि माणसं येतील म्हणून अंगण साफ करायला घेतलं. एरवी दहादा सांगितल्याशिवाय मी काडी उचलत नाही. त्या दिवशी नेमका उत्साह संचारला. भिंतीकडेचा आघाडा मुळासकट उपटून उकिरड्यावर फेकला. बायको परतली ती दारातच थबकली. "अवो, आत्यानं त्याले काल सांजेले नेवता देला होता ना!"

आत्या म्हणजे माझ्या बायकोची आत्या. आईविना राहिलेल्या हिला तिनंच वाढवलं. कापलं, भाजलं, विंचू चावला, की ती त्या तणाकडे जायची. आदल्या सांजेला बुडाशी हळद-तांदूळ ठेवून झाडाला आमंत्रण द्यायचं, काय काम आहे ते सांगायचं, आणि पहाटे आपली सावली न पाडता मुळी काढायची. आमच्या गडचांदूरला सिमेंटच्या धुळीनं पानं पांढरी पडतात, म्हणून ती आधी तांब्याभर पाण्यानं झाड धुवायची. "पाहुण्याचं तोंड धुवा लागते, जवाई. अन् तुमी तिकडं सरका, तुमची सावली एकराची हाय." मुळी अडलेल्या बाळंतिणीच्या केसांत बांधायची, बाळ रडलं की लगेच सोडायची. मी हसायचो. डॉक्टरही हसतील. देवाच्या पत्रीतही असतो आघाडा, पण त्याला बोलावणं धाडणारी ती एकटीच.

"पोरीसाठी बोलावलं होतं त्याले," बायको म्हणाली. "आता पोरीचं कसं होईन?"

मी उकिरड्यावर धावलो. घटकाही झाली नव्हती, पण झाड तिथं नव्हतं... नुसत्या त्याच्या कुसळ्या माझ्या पायजम्याला चिकटलेल्या.

तेरवीनंतर पोरीला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. सकाळपासून कळा, पण सुटका होईना. आत कोणालाच सोडत नव्हते. आम्ही दोघं दारासमोरच्या बाकावर. बायको पुटपुटत होती, देवाचं नाही, आत्याचं नाव. उन्हं कलताना बाळ रडलं. थोड्या वेळानं सिस्टर बाहेर आली.

"पोरगी झाली. दोघीबी चांगल्या हायेत. पण त्या म्हातारीले आत कोणी सोडलं हो? मी बाळाकडं वळली, तं तिनं बाळंतिणीच्या केसातली काहीतरी मुळी सोडली अन् घेऊन गेली."

त्या खोलीला दार एकच. आम्ही त्याच्यासमोरून हललो नव्हतो.

आत पोर झोपली होती. कानामागे केसांत एक पान अडकलेलं... धुतलेलं, हिरवंगार, अजून ओलं. मला वाटलं, बायको किंचाळेल. ती उशाशी बसली, पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

महिना होत आला. काल नातीला न्हाऊ घालताना बायकोनं एकदम विचारलं, "आत्या आपल्या समोरूनच गेली ना, वो? मंग माह्याकडं पाह्यलं बी काऊन नाई तिनं?"