पावण्याचं नाव

ये गं सुमे, इकडं जवळ बस. विद्यापीठात जायला लागल्यापासून मावशीचं घर विसरलीस व्हय? तू मजुरांवर काहीतरी लिहितेस असं कळलं, आणि मला आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मॅडम आठवल्या.

मॅडम कधी कुणाचं नाव विचारत नसत. दुष्काळाचं साल होतं. गावं ओस पडत होती आणि इकडं बायपासला इमारतीवर इमारत चढत होती. आमच्या कोपऱ्यावर मजुरांचा नाका, तिथं मॅडम त्यांच्या प्रबंधासाठी मजुरांशी बोलत सकाळपासून बसायच्या. मी म्हणायचे, "एवढं शिकून नाक्यावर बसता, कुणी पाट्या उचलायला नेईल!" "नेऊ द्या की मावशी," त्या म्हणायच्या, "शिष्यवृत्तीपेक्षा मजुरी लवकर मिळेल."

शहरात कुठं चोरी झाली की पोलीस मजुरांच्या नाक्यावरचा नवा माणूस उचलत. तोच त्यांच्या प्रबंधाचा विषय. "चोर सापडत नाही मावशी, निवडला जातो," म्हणायच्या. आणि नाव? "मला माहीत असलं, तर उद्या कुणी दरडावून काढून घेईल. नकोच." सगळे त्यांचे दादा.

त्यातला एक दादा नवाच आलेला, म्हणून नाका त्याला पावणा म्हणे. भुवईवर व्रण, बोलणं कमी. एकदा दुपारभर तो माझ्या ओट्यावर मॅडमशी बोलत बसला. भाकरी-ठेचा खाल्ला. "लई तिखट हाय, माय," म्हणाला. टँकरचं पाणी, तरी तांब्याभर दिलं. त्याच दुपारी पलीकडच्या कॉलनीत घरफोडी झाली, आणि संध्याकाळी पावण्याला उचललं.

आम्ही दोघी ठाण्यात गेलो. "तो दुपारभर आमच्यापाशी होता," मॅडम म्हणाल्या.

"नाव काय त्याचं?" फौजदारानं विचारलं.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मीच म्हणाले, "पावणा." सगळं ठाणं हसलं.

"गाव?"

तेही ठाऊक नव्हतं.

"नाव नाय, गाव नाय, अन् साक्षीला आलात? घरी जा, मॅडम."

आतून त्याच्या ओरडण्याचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर मॅडमना चप्पल घालता येईना.

पुढं त्याला सोडलं म्हणे. त्याला धरल्याची नोंद कुठंच नाही. पावणा नाक्यावर पुन्हा दिसला नाही. मॅडमचा प्रबंध झाला, परगावी नोकरी लागली. तरी दर उन्हाळ्यात यायच्या, त्याला शोधत पाचोडच्या बाजारात, लासूर स्टेशनवर, देवगावला हिंडायच्या. "भुवईवर व्रण असलेला एक दादा," असं विचारायच्या. लोक म्हणायचे, "बाई, नाव तरी सांगा की."

गेल्या उन्हाळ्यात आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "थकले, मावशी. आणि सापडला तरी काय सांगू त्याला?"

नाका तिथंच आहे. पोलिसांची गाडीही येते. मी ओट्यावर बसते, पाणी देताना आधी नाव विचारते. कुणी खरं सांगतं, कुणी नाय.

तू लवकर ये गं परत. थोडा वेळ माझ्याजवळ ओट्यावर बस. भुवईवरचा व्रण मला आता लांबून दिसत नाही, तुझे डोळे लागतील.