आमच्याशी भांडणारी सुनंदा

सुनंदा गेल्याची बातमी मला तिच्या घरून कळली नाही. घरच्यांना माझा नंबरच ठाऊक नव्हता. सकाळी चहा घेताना सवयीने आमचं जुनं चर्चेचं पान उघडलं, तर टोरांटोहून ‘फटकळ’ या नावाने लिहिणाऱ्या मित्राने लिहिलं होतं, ‘सुनंदाच्या भाचीचा फोन आला. काल गेली.’ त्याखाली कुणीच काही लिहिलं नव्हतं. आमटीत गूळ घालावा की नाही यावरून जिथे आम्ही आठवडाभर एकमेकांची पिसं काढली, तिथे सगळ्यांची वाचा बसली होती.

ते पान काय होतं, हे आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही. इंटरनेट नवं होतं. टेलिफोनच्या तारेचा चिरका आवाज ऐकत वाट बघायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. खरं नाव सहसा कुणी वापरत नसे. मी माहीमचा, म्हणून ‘हलवा’. आडनाव विचारायचं नाही, वय विचारायचं नाही, सगळ्यांना सरसकट अरे-तुरे करायचं, हा तिथला रिवाज. बँकेत मला साहेब म्हणत. तिथे कालची पोरं ‘हलव्या, तुला काय कळतंय’ म्हणत आणि मला ते मनापासून आवडे. स्वतःच्या नावाने लिहिणारी एकटी सुनंदा. वडिलांबरोबर लालबागच्या चाळीत राहायची, पालिकेच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची आणि ड्युटी संपली की सायबर कॅफेत येऊन भांडायची. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून नीट मांडायची आणि मग खोडून काढायची. तिच्याशी हरतानाही माणसाला आपला मान राखला गेल्यासारखं वाटे.

फटकळचं तसं नव्हतं. नावाला जागणारा माणूस. एकदा त्याने लिहिलं की गिरणी कामगारांनी संप करून आपल्या हाताने आपली चूल विझवली, आता रडगाणं कशाला? सुनंदाचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करत. संपात नोकरी गेली ती गेलीच, आणि त्यानंतर ते घरात जवळजवळ बोलेनासे झाले. मीठ दे, दार लाव, एवढंच. सुनंदाने रागाच्या भरात तो मजकूर छापून घेतला आणि घरी त्यांना वाचून दाखवला. ते शिव्या देतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “तेका विचार, तुझो बापूस खंय कामाक होतो?”

तिने तसंच्या तसं विचारलं. दोन-तीन दिवसांनी फटकळचं उत्तर आलं. त्याचे वडीलही गिरणीतच, परळला. संप चालू असताना ते कामावर गेले, पोलिसांच्या गाडीतून. नंतर चाळीत त्यांच्याशी कुणी बोललं नाही, याला कुणी खेळायला घेतलं नाही. त्या दिवसापासून सुनंदा रोज छापलेले कागद घरी न्यायची, वडील बोलायचे, ती दुसऱ्या दिवशी टाइप करायची.

पण फटकळ बाकीच्यांना वाटेल ते बोलायचा. लोक कावले, त्याला काढा म्हणू लागले. पानाच्या किल्ल्या माझ्याकडे आणि पुण्याच्या एका मित्राकडे होत्या. आमचं जवळजवळ ठरलंही होतं. कुणाकडून तरी नंबर मिळवून सुनंदाने मला बँकेत फोन केला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“हलव्या, त्याला काढू नका रे. बाबा त्याच्याशी बोलतायत. माझ्याशी नाही बोलले तरी चालेल... पण तो गेला तर ते परत गप्प होतील.”

आम्ही काढलं नाही. त्यापायी काही चांगली माणसं पान सोडून गेली. सुनंदाने मात्र फटकळचा प्रत्येक वार आधी स्वतःवर घ्यायचा असं ठरवूनच टाकलं आणि शेवटपर्यंत निभावलं.

पुढे तो रजेवर आला, तेव्हा दादरहून मीच त्याला तिच्या घरी घेऊन गेलो. पानावर वाघ असलेला माणूस दारात चपला काढताना घामाने भिजला होता. वडिलांनी त्याला गॅलरीत आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. मग ते म्हणाले, “आमच्या खात्यातलोय एक दोस्त कामार गेल्लो. मी तेच्याशी तो मरासर बोललंय नाय.” फटकळ रडायला लागला. आत चहा गाळणारी सुनंदा तशीच थांबली. ज्याच्याशी तो मरेपर्यंत बोलले नाहीत, त्या दोस्ताबद्दल घरात कधी चकार शब्द निघाला नव्हता, हे तिने मला जिना उतरताना सांगितलं. परक्याला सांगितलं, मला नाही, याचं तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलं नाही. पण त्यानंतरची वर्षं वडील तिच्याशीही बोलले, जाईपर्यंत बोलले.

आता आमच्या सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपात कुणी जरा वाकडं बोललं की लगेच त्याला बाहेर काढतात. माझ्याच्याने ते होत नाही. शेजारी मला बावळट समजतात, समजू देत.

तिच्या तेराव्याला आम्ही पानावरचे चौघे-पाचजण लालबागला गेलो. गॅलरीत अवघडून उभे होतो. तिच्या दारात उभ्या असलेल्या शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी विचारलं, तुम्ही कोण, ऑफिसातले का? नातं सांगता येईना. खरी नावं सांगून उपयोग नव्हता, खोटी सांगायची लाज वाटत होती. शेवटी मीच म्हणालो, “आम्ही तिच्याशी भांडायचो.”

काकूंनी आमच्याकडे नीट पाहिलं आणि दारातून बाजूला झाल्या.

“मगे घरचेच मा तुमी. आत येवा.”