दीड इंचाची टाच

लेकीचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात अक्का बसवनगुडीतल्या आमच्या घरी आल्या आणि माझ्या पायांची चौकशी करू लागल्या. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरांत थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. मी लग्न होऊन चिकोडीकडून इथे आले, तेव्हापासून मीही तेच म्हणते. इतक्या वर्षांत अक्कांनी माझा स्वयंपाक, माझं वजन, माझी बँकेतली नोकरी या सगळ्याची चौकशी केली होती. पायांची मात्र पहिल्यांदाच करत होत्या.

पाय वाईट आहेत हे खरंच आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलून बसलाय. डाव्या टाचेचं हाड वाढलंय. सकाळी पहिलं पाऊल टाकताना मी रोज कुणाला तरी मनातल्या मनात शिवी देते, कुणाला ते ठरलेलं नाही. डॉक्टरांनी अनवाणी चालायचं नाही असं सांगून काळ्या रबराच्या जाड चपला लिहून दिल्या. त्या घातल्या की माणूस आजारी आहे हे लांबूनच कळतं.

"रिसेप्शनला तू खालीच बस गं," अक्का म्हणाल्या. "पहिल्या रांगेत चांगली गादीची खुर्ची ठेवते. तीन तास उभं राहायचं म्हणजे काय, तुझ्या पायांना झेपणार नाही. स्टेजवर आम्ही दोघं आहोत की."

आम्ही दोघं म्हणजे त्या आणि त्यांचे यजमान. रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्ताला कन्यादानही तेच करणार होते, आणि त्यावर माझं काही म्हणणं नव्हतं. त्याला जोडपं लागतं. माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे आमचं जोडपं होत नव्हतं. पण रिसेप्शनला कसला मंत्र आणि कसलं जोडपं? तिथे नवरा-नवरीच्या बाजूला दोन्हीकडचे आईबाप उभे राहतात आणि येणाऱ्याला हसून नमस्कार करतात. मात्र कर्नाटकातल्या पद्धतीप्रमाणे रिसेप्शन लग्नाच्या आदल्या संध्याकाळी असतं. म्हणजे नवरीला अजून अक्षता पडायच्या असतात, आणि अशा वेळी तिच्या शेजारी विधवा बाई उभी राहणार. अक्कांना माझ्या टाचेची नव्हे, कपाळाची काळजी होती. मला ते लगेच कळलं. मला कळलंय हे त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने दुसरा चहा मागितला.

मला फार राग आला. पण आमच्या सासरी सरळ कुणी काही बोलत नाही. नको असलेला पाहुणा आला तर त्याला परत जायच्या गाडीची वेळ विचारतात. मीही इतकी वर्षं या घरात मुरलेली. "अक्का, मी माझ्या लेकीशेजारी उभी राहणार" हे एक वाक्य बोलायचं होतं. ते सोडून मी म्हणाले, "चांगल्या सँडल मिळाल्या तर राहीन की उभी." ते वाक्य न बोलल्याबद्दल मी पुढे तीन महिने चपलांची दुकानं पालथी घातली.

अक्का कन्नडमध्ये "सरी सरी", म्हणजे बरं बरं, म्हणून निघून गेल्या. अशा सँडल मिळणार नाहीत याची त्यांना खात्री असणार.

लेकीने तोडगा काढायला एक मिनिटही घेतलं नाही. ती मारतहळ्ळीला, आयटीवाल्यांच्या वस्तीत राहते आणि तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. ती फोनवर म्हणाली, "आई, साडीखाली पळायचे बूट घाल ना, कोण बघतंय?" तिला खुर्चीमागचं कारण मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने अक्कांना सरळ विचारलं असतं, आणि मग लग्नाच्या आधी घरात जे झालं असतं त्याला तोडगा नव्हता. शिवाय मला बूट नको होते. तीस वर्षं मी बँकेत टाचांच्या चपला घालून गेले. नवरा चांगला उंच होता, त्याच्याबरोबर फोटोत माझं डोकं त्याच्या खांद्याच्या वर यावं म्हणून लागलेली ती सवय. व्याही मंडळी सगळी ताडमाड. त्यांच्या शेजारी रबरी चपलांत वाकून उभी राहिले असते तर बघणाऱ्यांनीच मला खुर्ची आणून दिली असती. अक्कांना काही करावंच लागलं नसतं.

तर दुकानं. दुकानांत दोन प्रकारच्या बायकांची सोय आहे. एक लग्नाला जाणारी आणि एक पाय दुखणारी. या दोघी एकच असू शकतात हे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही. लग्नाच्या सँडल पुढे निमुळत्या, मागे पेन्सिलीएवढी टाच, आणि माझ्या अंगठ्याच्या हाडावर नेमका खड्यांचा पट्टा. आरामाच्या सँडल करड्या, तपकिरी आणि पुन्हा करड्या. एका मॉलमधल्या मुलीने मला हिंदीत विचारलं, आंटी, कोणासाठी हव्यात? मी म्हटलं, माझ्यासाठी. तिने एकदा माझ्या पायांकडे बघितलं आणि पायपुसण्यांचा विभाग कुठे आहे ते सांगितलं. तिचा हेतू वाईट नसावा. लेकीने मोबाइलवरून चार जोड मागवले, चारही परत गेले. त्यातल्या एकावर डॉक्टरांनी तयार केलेला असं छापलं होतं. तो डॉक्टर दातांचा असावा.

शेवटी माझ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी राजाजीनगरातल्या एका चांभाराचा पत्ता दिला. एक पाय आखूड असलेल्या, पोलिओ झालेल्या लोकांचे बूट ते करतात असं म्हणाल्या. मेट्रोने गेले. पिठाच्या गिरणीच्या मागे एक खोली, तीत कातड्याचा आणि पिठाचा मिळून एक वास. म्हातारेबुवा कन्नडमध्ये बोलायला लागले. मी दोन वाक्यं बोलले तसे थांबले आणि मराठीत म्हणाले, "चिकोडीकडल्या काय तुमी?" ते अथणीचे निघाले. वडील कोल्हापुरी चपला करायचे. बेंगळुरात इतक्या वर्षांत माझं मूळ गाव ओळखणारा हा पहिला माणूस. मी जरा सैलावले आणि स्टुलावर बसून पाय पुढे केला.

"बसून न्हाई. उभारून माप द्या," ते म्हणाले. आमच्या भागात उभं राहायला उभारणं म्हणतात. कित्येक वर्षांत तो शब्द मी ऐकला नव्हता. "बसल्यावर पाय खोटं बोलतोय. वजन पडल्यावर खरं सांगतोय."

कन्नड वर्तमानपत्राची दोन पानं जमिनीवर पसरून त्यांनी मला त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पाय आखले. मग हाड जिथे बाहेर आलंय तिथे अंगठ्याने दाबून बघितलं, टाचेखाली दुखरी जागा बरोबर शोधून काढली. मी सोनेरी रंग हवा म्हणाले. ते म्हणाले, कातडं सोनेरी नसतं, पण लावतो. टाच तीन इंच हवी म्हणाले. ते म्हणाले, दीड. अगदी सपाट चप्पल तुमच्या टाचेला वाईट आणि तीन इंच अंगठ्याला वाईट. दीड इंच, आणि रुंद. दुखऱ्या जागेखाली आतून खळगा करणार, हाडापाशी पट्टा न आणता मऊ कातडं घालणार, मागे टाचेला बंद.

"किती वेळ उभारायचं हाय?" त्यांनी विचारलं.

"तीन तास. लेकीच्या रिसेप्शनला, स्टेजवर."

"खुर्ची न्हाई व्हय देत तिथं?"

"देतात. मला नको आहे."

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "मालक?"

"नाहीत," मी म्हटलं. "चार वर्षं झाली."

"मग उभारायलाच पायजे," ते म्हणाले आणि पानांच्या घड्या घालू लागले.

परतताना मेट्रोत मला रडू आलं. इतके दिवस मनात जे चाललं होतं ते एका अनोळखी माणसाला चार प्रश्नांत कळलं, आणि घरात कुणालाही कळू द्यायचं नाही म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होते. समोरच्या बाईने मला बसायला जागा दिली. रडण्यामुळे की पायांमुळे, कोण जाणे. मी बसले.

सँडल लग्नाच्या वीस दिवस आधी मिळाल्या. सोनेरीच होत्या, पण दबक्या सोनेरी, लाज वाटू नये इतक्या. बुवांनी ताकीद दिली होती की नव्या कोऱ्या एकदम लग्नात घालायच्या नाहीत, रोज घरात घालून वेळ वाढवत न्यायची. मी त्या घालून स्वयंपाकघरात भाकऱ्या केल्या. सँडल बाहेर गेलेल्या नव्हत्या म्हणून देवाने चालवून घेतलं असावं. कामाला येणाऱ्या बाईने ते बघितलं आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी जरा हळू आवाजात बोलू लागली. दुपारी मी वॉशिंग मशीनसमोर उभी राहून पाहुण्यांना नमस्कार करायचा सराव करायचे. या, या, जेवून जायचं हं. मशीनचं एक चक्र म्हणजे सव्वा तास. शेवटच्या आठवड्यात मी लागोपाठ दोन चक्रं उभी राहिले. तिसऱ्यासाठी घरात कपडे उरले नव्हते.

रिसेप्शनच्या संध्याकाळी मी मोरपंखी म्हैसूर सिल्क नेसले, सँडल घालून नेसले, म्हणजे निऱ्या बरोबर जमिनीला टेकतील. हॉलवर पोचले तर पहिल्या रांगेत एक लाल मखमली खुर्ची, तिच्यावर उशी, पायांखाली छोटा पाट. अक्कांनी दिलेला शब्द पाळला होता. आणि स्टेजच्या पायऱ्यांपाशी चपलांची रांग.

"चपला खाली काढा हं सगळ्यांनी," अक्का वरून म्हणत होत्या. "देवी आहे वर."

लेकीच्या उजव्या हाताला, जिथे नवरीची आई उभी राहते तिथे, एका कमरेएवढ्या उंच चौरंगावर त्यांनी आमच्या कुलदेवीचा फोटो मांडला होता. हार, समई, सगळं रीतसर. अक्कांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. त्या कुठल्याही कार्यात देवी मांडतात, आणि रिकामी दिसणारी जागा त्यांना ती एकच दिसली असणार. विहीणबाई बिचाऱ्या मुकाट्याने आपल्या चपला काढत होत्या. लेक वरून माझ्याकडे बघून हसली.

अनवाणी मी फार तर वीस मिनिटं उभी राहू शकते. मग टाच पेटते आणि मला बसावंच लागतं. लाल खुर्ची पंधरा पावलांवर होती. तीन महिने, अथणीचे बुवा, दोन चक्रं, सगळं त्या पायऱ्यांपाशी संपत होतं. मी तिथे किती वेळ थांबले ते सांगता येणार नाही. मला तेव्हा माझा नवरा हवा होता. तो नुसता उभा असता तरी हा प्रश्न कुणाला पडला नसता.

मग मी पायरीवर बसून सँडल काढल्या. वर गेले. देवीला नमस्कार केला, फोटो दोन्ही हातांनी उचलला आणि खाली आले. फोटोच तो, प्रतिष्ठापना केलेली मूर्ती नव्हे, तेवढं शास्त्र मलाही कळतं. लाल खुर्चीवर, उशीला टेकवून, देवीला बसवलं. हार सारखा केला. समई आणून पाटावर ठेवली. अक्का माझ्या मागोमाग खाली उतरल्या होत्या.

"अगं, देवीला कुठं घेऊन चाललीस..." त्या म्हणाल्या.

"अक्का, ती कधीची उभीच आहे," मी म्हटलं. फोटोत देवी उभीच होती. "तिला बसू द्या. लेकीजवळ मी उभी राहते."

मी पुन्हा पायरीवर बसून सँडलचे बंद लावले. वाकायला वेळ लागतो, तो घेतला. त्या वेळात कुणी मला उठवलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. विहीणबाईंनी मला बघितलं आणि आपल्याही चपला पुन्हा घातल्या.

पहिला तास मी नवरीपेक्षा जास्त हसले. दुसऱ्या तासाला अंगठा बोलायला लागला. पाहुणे येत होते, नमस्कार, या, जेवून जायचं. अडीच तासांच्या सुमाराला डाव्या टाचेतून एक कळ वर आली आणि मी बाजूला सरकवलेल्या चौरंगाला हात टेकला. चौरंग रिकामाच होता. त्याच वेळी कुणीतरी माझ्या दंडाला धरलं. अक्का होत्या. पाण्याचा पेला घेऊन वर आल्या होत्या, अनवाणी.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय," मी म्हटलं.

त्या माझ्या उजवीकडे उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की मला त्यांच्या खांद्यावर भार टाकता यावा. पुढचा अर्धा तास मी तो टाकला. समोरून येणाऱ्यांना नणंद-भावजय प्रेमाने चिकटून उभ्या आहेत असं दिसलं असेल. हललेल्या माझ्या निऱ्या अक्कांनी मधेच वाकून सारख्या केल्या. गुडघे त्यांचेही चांगले नाहीत.

फोटोंचा अल्बम महिन्याभराने आला. लेकीने एकेक पान उलटत मला दाखवला. मी चष्मा लावून माझे पाय शोधत होते. निऱ्या इतक्या नीट टेकल्या होत्या की सँडलचं सोनेरी टोकसुद्धा कुठे दिसत नाही. सगळ्या अल्बममध्ये एकाही फोटोत नाही.

मी मात्र सगळ्या फोटोंत आहे.