बुजवलेल्या विहिरीचं 'आहे'

आमच्या संपादकांच्या गटात त्यांना सगळे 'संदर्भआप्पा' म्हणत. ऑनलाइन मराठी विश्वकोशात कोणीही लिहावं, पण ते कुठे छापलंय हे दाखवावं, हा त्यांचा हट्ट. परभणीत चहावाला म्हणे, "आप्पा, साखर टाकलीय," तर हे चमचा हलवत विचारत, "संदर्भ?"

मला संपादन त्यांनीच शिकवलं. नावामागचं 'थोर', 'लाडके' ते मुकाट्याने खोडत. अनोळखी माणसाचं लेखन काढायचं तरी आधी नमस्कार लिहायचा. तो कोण, हे कधीच विचारायचं नाही. "राग आला की लिहू नका, ताई. चहा घ्या, मग बघा."

चुडाव्याजवळच्या आपल्या गावाचं पान त्यांनीच लिहिलं होतं. 'गावठाणात जुनी विहीर होती, ती बुजवली.' एका उन्हाळ्यात कुणी निनावी माणसाने त्या 'होती'चं 'आहे' केलं आणि पुढे जोडलं, 'आत डाव्या हाताला कपार आहे. तिथे बसता येतं.'

आप्पांनी ती ओळ पुन्हा वाचली. ती कपार फक्त त्यांना आणि धाकट्या भावाला माहीत होती. भाऊ लहानपणी रुसून घरातून गेला. चुडाव्याच्या स्टेशनात गाडीत बसला, असं गाव म्हणे, आप्पाही म्हणत, "असंल कुठंतरी, लेकराबाळात." विहीर त्याच आठवड्यात बुजवली होती.

त्यांनी 'होती' केलं. परत 'आहे' झालं. असं तीनदा झाल्यावर, त्याहून जास्त वेळा उलटवायचं नाही या नियमाप्रमाणे, ते थांबले आणि त्यांनी लेखाच्या चर्चापानावर लिहिलं, 'नमस्कार. विहीर बुजवलेली आहे. संदर्भ द्यावा.'

माझ्यासमोरच उत्तर आलं, 'वरून बुजवली. आतून न्हाई.'

"कुणीतरी चेष्टा करतंय, आप्पा. खोडू?"

"चेष्टा करणाऱ्याला कपार कशी म्हाईत?" म्हणत त्यांनी जे विचारू नये तेच लिहिलं, 'तू कोण?'

उत्तर आलं नाही.

सरपंचांना विचारून त्यांनी मजूर लावले. मीही गेले. पुरुषभर माती काढल्यावर डाव्या भिंतीला टेकलेली एक शिळा लागली. ती सरकवली, तर मागे कपार मोकळी. आत हाडूक नाही, चिंधी नाही. मजूर म्हणाला, "बघा आप्पा, न्हाई कुणी! गाडीतच बसला तुमचा भाऊ."

आप्पा खाली उतरले, आत हात घालून चाचपू लागले. तिथली माती, रोज कुणी बसावं तशी, गुळगुळीत झाली होती. कोमटही होती, ते म्हणाले. मग वर न बघताच बोलले, "ताई, 'आहे' राहू द्या."

त्यानंतर आप्पांनी काही लिहिलं नाही. ते गेल्यावर ते पान माझ्याकडे आलं. बिनसंदर्भाचं वाक्य मी कुठेच ठेवत नाही. हे ठेवलं आहे.