आडवा फोटो

धायरीच्या मळ्याकडच्या गल्ल्यांमध्ये मुक्ताताईंना न ओळखणारी बाई म्हणजे कालच टेम्पोतून सामान उतरवून राहायला आलेली. धायरी गाव होतं तेव्हापासून त्या पक्षाचं काम करत होत्या. ग्रामपंचायत गेली, महापालिका आली, शेतांच्या जागी सोसायट्या आल्या, पक्षाचे दोन-तीन अध्यक्ष दुसऱ्या पक्षात गेले. मुक्ताताई होत्या तिथेच राहिल्या.

त्यांचं काम एकच, पण त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. निवडणूक आली की त्या पत्रक घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. कणीक मळणाऱ्या बाईसमोर पत्रक धरायच्या, चिन्हावरच्या लाल फुलीवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "बाकी काही वाचू नको. लाल फुली ज्या चित्रावर, तिथंच शिक्का." पुढे मशीन आलं, शिक्क्याच्या जागी बटण आलं. फुली मात्र तीच राहिली.

पत्रकावरचे फोटो कायम दुसऱ्यांचे. उमेदवाराचा, उमेदवाराच्या वडिलांचा, आणि हात जोडलेल्या तात्यारावांचा, कारण ते पक्षाचे प्रभाग अध्यक्ष. आपला फोटो नसतो याचं मुक्ताताईंना कधी काही वाटलं नव्हतं. पूर्वा येईपर्यंत.

पूर्वा वकील. माहेर कोथरूडचं, नवरा आयटीत, घर फाट्याजवळच्या नव्या टॉवरमध्ये. पक्षात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

झालं असं, की बसस्टॉपला चिकटून देशी दारूचं दुकान होतं. ते बंद व्हावं म्हणून पक्षानं काहीतरी बोलावं, असं मुक्ताताई कित्येक वर्षं सांगत होत्या. तात्यारावांचं उत्तर ठरलेलं. "ताई, पक्षाची भूमिका वरून येते. आपण खाली असतो."

शेवटी बायकांनीच सह्या केल्या आणि मतदान लागलं. मत फक्त बायकांनी द्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर शिक्का म्हणजे बंद. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान उठणार. जी घरी बसली ती उभ्या बाटलीच्या कामाला आली.

आता पक्षाला भूमिका घेणं भाग होतं. पूर्वानं शहर कार्यालयाला दोन पानांचं टिपण पाठवलं आणि आठवड्यात वरून उत्तर आलं: पक्ष आडव्या बाटलीच्या बाजूने. लगेच फाट्यावर भला मोठा बॅनर लागला. बॅनरवर पूर्वा, हाताची घडी घालून.

"पोरीचा फोटो झकास आलाय," मुक्ताताईंचे यजमान रामदास म्हणाले. ते रिक्षा चालवायचे आणि दिवसातून चारदा बॅनरखालून जायचे.

"तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

"मोतीबिंदूतूनसुद्धा चांगला दिसतोय."

मुक्ताताईंनी ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं मी घसा कोरडा केला तेव्हा भूमिका नव्हती, आणि हिनं दोन पानं लिहिली की लगेच आली! पूर्वानं दारूबंदीवर मोबाईलवर टाकलेली रील त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिली, खोट काढायला. सापडली ती एवढीच, की ती बायकांना 'गाइज' म्हणते.

दुसऱ्या दिवशी त्या तात्यारावांकडे गेल्या. "ह्या वेळचं पत्रक मी काढणार. माझ्या फोटोसकट."

"काढा की," तात्याराव म्हणाले. स्वतःला काही करावं लागणार नाही म्हटल्यावर त्यांची कशालाच हरकत नसे.

नऱ्ह्याच्या प्रेसमध्ये मुक्ताताईंनी समोर बसून पत्रक करून घेतलं. मधोमध मोठी बाटली, दारू नको म्हणून तिच्यावर लालभडक फुली, आणि शेजारी भाचीच्या लग्नातला पैठणी नेसलेला त्यांचा फोटो. "फोटो बाटलीएवढाच घेऊ ना?" प्रेसवाल्यानं विचारलं. "थोडा मोठा घे," त्या म्हणाल्या. दोन दिवसांत घराघरांत पत्रक पोचलं.

पक्षाच्या कार्यालयात पूर्वानं ते हातात घेतलं. "ताई, फोटो मस्तच आलाय हो. फक्त... बाटली उभी आहे."

"मग? बाटली उभीच असते."

"हो, पण मतपत्रिकेवर उभी म्हणजे दुकान चालू. बायका कन्फ्यूज होतील."

"आमच्या बायका नाही होत कन्फ्यूज. तुमच्या टॉवरमध्ये होत असतील."

घरी जाताना मुक्ताताईंची पावलं हलकी पडत होती. जळते माझ्यावर! वकीलबाई माझ्यावर जळते! त्या दिवशी फाट्यावरच्या बॅनरकडे त्यांनी मान वर करून बघितलं.

मतदानाला दोन दिवस उरले होते. मुक्ताताई सुंदराबाईकडे चहाला गेल्या. सुंदराबाईची सही सगळ्यात पहिली होती, कारण तिचा थोरला दिवसभर त्या दुकानाच्या पायरीवर असायचा. दारामागे तिनं पत्रक नीट चिकटवलं होतं.

"ध्यानात हाय ना सगळं?" मुक्ताताईंनी विचारलं.

"हाय की. लाल फुली जिथं, तिथंच शिक्का. उभ्या बाटलीवर."

मुक्ताताईंचा कप ओठांपाशीच थांबला. "अगं, उभी म्हणजे दुकान चालू राहील!"

"मग उभी कशाला छापलीस? आख्ख्या गल्लीला मी हेच समजावलंय. तुझं नाव सांगून."

बायकांना फुली ओळखायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्यांच्याच फुलीनं आता दुकान वाचणार होतं. त्याच वेळी मनाच्या कोपऱ्यात एक विचार येऊन टेकला: दुकान राहिलं, तर पूर्वाचं टिपणही पाण्यात, बॅनरही पाण्यात. तो विचार पाहुण्यासारखा थोडा वेळ बसला. मुक्ताताईंनी त्याला ऊठ म्हटलं नाही.

तेवढ्यात बाहेर भांडं पडल्याचा आवाज झाला. सुंदराबाईचा थोरला अंगणात येऊन पडला होता, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. सुंदराबाई उठली, आणि रोजच्यासारखी त्याच्या डोक्याखाली गोणपाटाची घडी सारून आली.

मुक्ताताईंनी पूर्वाला फोन लावला. ती लगेच स्कूटरवरून आली.

"माझं चुकलं," मुक्ताताई स्कूटरच्या आरशाकडे बघत म्हणाल्या.

"असू दे हो ताई. आता काय करायचं ते बघू."

'मी सांगितलं होतं' असंही म्हणाली नाही. त्याचाही मुक्ताताईंना राग आला. माणसाचं मन इतकं मोठं तरी कशाला असावं!

नवीन पत्रक छापून वाटायला वेळ नव्हता. मुक्ताताई दारामागच्या पत्रकासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते अलगद सोडवलं, आडवं धरलं आणि पुन्हा चिकटवलं. बाटली आडवी झाली. फुली बरोबर आडव्या बाटलीवर आली. आणि बाटलीशेजारी पैठणी नेसलेल्या मुक्ताताई, हसऱ्या चेहऱ्यानं, आडव्या.

पूर्वानं ओठ दाबून धरले.

"हास. हास एकदाची," मुक्ताताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रचार संपेपर्यंत दोघी दारोदार फिरल्या. प्रत्येक घरात मुक्ताताई स्वतःच्या हातानं स्वतःला आडवं करत होत्या आणि नवं समजावत होत्या.

"ताई, तब्येत बरी नाही का?" एकीनं विचारलं.

"बाटलीशेजारी आडव्या? ताई, तुम्हीसुद्धा?" दुसरी पदर तोंडाला लावून हसली.

"हो, मीसुद्धा!" मुक्ताताई भडकल्या. "दुकान राहिलं तर एक दिवस हेच होणार. घराघरातलं माणूस असंच पडलेलं दिसणार."

हसणारीनं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"ताई, हेच परत बोला ना," पूर्वा मोबाईल काढत म्हणाली. "रील करते."

"कर. पण गाइज म्हणायचं नाही."

मतदानाच्या दिवशी गल्ल्याच्या गल्ल्या बाहेर पडल्या. सुंदराबाई पहिल्या रांगेत होती. संध्याकाळी मोजणी झाली आणि बाटली आडवी झाली.

अभिनंदनाच्या बॅनरवर ह्या वेळी दोघी होत्या. रामदासांनी रिक्षा बाजूला घेऊन बायकोला तो दाखवला. मुक्ताताई बराच वेळ वर बघत राहिल्या.

"तिचा जरा मोठा आहे," त्या म्हणाल्या.

"पण घराघरांतल्या दारामागं तूच आहेस की."

"आडवी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा दोन्ही फोटो नजरेनं मोजू लागल्या.