अल वक्र्याचा ट्राउटवाला

अल वक्र्याच्या किनाऱ्यावरून निम्मं अंतर चालून झालं, तरी मधुभावजींचा किडा काही पाण्याबाहेर येईना. मधुभावजी म्हणजे आमच्या ह्यांच्या ऑफिसातले इंजिनियर, मूळ नाशिकचे. हे आणि भावजींची बायको शैलजा शहाणपणाने पुढे सटकले होते. ऐकायला मी उरले.

"वर्षभर नदीतल्या दगडाखाली राहतो हो वहिनी. मग एका संध्याकाळी हजारोंनी वर येतात, पंख फुटतात, की दुसऱ्या दिवशी खलास. खायला तोंडसुद्धा नसतं."

"म्हणजे निर्जळी उपास करूनच जातात. पुण्यवान किडा."

भावजी हसले नाहीत. किड्यांची थट्टा त्यांना चालत नाही. हे किडे वर आले की ट्राउट त्यांच्यावर उड्या मारतो, म्हणून.

ट्राउट हा बर्फाच्या पाण्यातला मासा. त्याचा नाद असलेल्या माणसाने राहायला निवडलं हे कतार, जिथे उन्हाळ्यात थंड नळाच्या पाण्याचाही चहा होईल. मे महिन्यात भावजी हिमाचलात जाणार आणि उरलेलं वर्ष जेवणाच्या टेबलावर गळाला पिसं आणि रेशीम गुंडाळून ट्राउटला फसवायला खोटे किडे बनवणार. एकदा त्यांच्या गार्गीने उपम्यातून एक उचलून विचारलं, "बाबा, इज धिस मोहरी?"

शुक्रवारी किनाऱ्यावर दोर फेकायचा सराव. गळ न लावता! फैसल नावाचा एक म्हातारा कोळी ते दर वेळी बघायचा. शेवटी दया येऊन त्याने एक हमूर हातात ठेवला. भावजी अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत. मेलेला उंदीर धरावा तसा तो मासा हात लांब करून आमच्या दारात घेऊन आले. मी देवगडची. सोमवार नव्हता, चतुर्थी नव्हती. देवाची कृपा म्हणायची आणि कालवण करायचं.

ट्राउटला मात्र ते पकडतात, फोटो काढतात, सॉरी म्हणतात आणि सोडून देतात. याला अहिंसा म्हणतात. माशाला कुणी विचारलेलं नाही.

"पण यंदा गोची झालीय," भावजी एकदम म्हणाले. "काल तिथल्या वाटाड्याचा फोन आला. ट्राउट तिथला नाहीच म्हणे, इंग्रजांनी आणून सोडलेला. ओढ्यातल्या मूळ माशांची पिल्लं तोच खातो. आणि मी इतकी वर्षं त्याला जपून पाण्यात सोडतोय."

"अरे वा. दानधर्मच की."

"आता गावाने ठरवलंय, पकडलेला ट्राउट परत सोडायचा नाही. मारायचा. जमत नसेल तर येऊ नका, म्हणाला."

"मग नका जाऊ. पर्लच्या धक्क्यावर जाऊन बोटी बघा."

ते थांबले. गाभाऱ्याच्या दारातून कुणी मागे ओढावं, तसा चेहरा झाला. मला पुढचा टोमणा सुचला होता, गिळला.

"जाणार तर आहे," ते म्हणाले. "ती पिल्लं वाचायला हवीत. पण हातून होईल का, कळत नाही."

समोरून शैलजा आमच्या दिशेने परत येत होती. भावजींनी आवाज खाली आणला.

"वहिनी, मासा तडफडू न देता झटकन कसा मारायचा, शिकवाल मला? मारेन मीच, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहा. आणि मारण्याआधी म्हणायला काही असतं का हो तुमच्यात? असलं, तर तेही सांगा."