गाडीला दिलेला रामा रंग

गाडीला वेगळा रंग दिला तर तिची किंमत वाढते की घटते, असा प्रश्न महाडात कुणाला पडला तर त्याने सरळ माझ्याकडे यावं. मी दोन्ही करून बघितलंय.

आमची गाडी पांढरी होती, बुटकी होती आणि विकायची होती. कारण सासूबाई. त्यांचं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. शेवटची चढण अशी की आमच्या गाडीचं पोट दगडाला घासतं आणि ती तिथेच बसते. सासूबाईंचे गुडघेही त्याच चढणीला बसतात. मागच्या शिमग्याला देवाची पालखी भावाच्या दारात यायच्या आत पोचायला हवं म्हणून भाच्यांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि उचलून वर नेलं. वर गेल्यावर त्या खुर्चीतूनच म्हणाल्या, "जिवंतपणी चौघांच्या खांद्यावरून आले. आता माहेराला पुन्हा नाय येणार." आणि रडल्या. सासूबाईंना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हाच ठरलं, ही गाडी विकायची आणि पुढच्या शिमग्याच्या आत उंच गाडी घ्यायची.

फोटो बघून जुन्या गाड्यांच्या एका एजंटाने बरा भाव सांगितला. आमचे हे लगेच तयार झाले. मी गप्प बसले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण माझं बाजारात मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर! रंगातलं मला कळतं, असं माझं ठाम मत. दुकानात पांढरं कापड वर्षानुवर्षं पडून राहतं आणि रामा रंगाचा तागा बघता बघता संपतो. (रामा म्हणजे हिरवा नव्हे आणि निळाही नव्हे. ज्यांना कळलं नाही त्यांनी बायकोला विचारावं.) मग गाडीचंही तसंच असणार! मी यांना म्हटलं, रंग बदलू, भाव वाढेल. हे म्हणाले, गाडी लोक चालवतात, नेसत नाहीत. असल्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

नमुन्याला रामा रंगाचा ब्लाउजपीस घेऊन मी पोलादपूरला हायवेवरच्या रंगवाल्याकडे गेले. त्याने तो उलटासुलटा करून बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "वहिनी, जरीचा काठ पण काढायचा काय?"

नको म्हटलं. (मोह झाला होता.)

गाडी दारात आली तेव्हा मला वाटलं, हिची दृष्टच काढावी. दुसऱ्या दिवशी एजंट आला. गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं आणि सीटला नाक लावून जोरात वास घेतला. मग म्हणाला, "पुरातली हाय ना?"

त्याचं म्हणणं असं की महाडात अख्खी गाडी रंगवतो कोण? काही वर्षांपूर्वी अख्खं महाड बुडालं, त्या पुरात जिची वाट लागली तिचा मालक. मी सांगितलं, पुराच्या वर्षी सासूबाई भातलावणी बघायला माहेरी गेल्या होत्या, पाऊस वाढला म्हणून हे गाडी मामांच्या, म्हणजे सासूबाईंच्या भावाच्या, चढणीखालच्या गोठ्यात ठेवून एसटीने परत आले. आमच्या आळीत सगळ्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या आणि आमची तेवढी वाचली. तो म्हणाला, सगळे असंच सांगतात. मी म्हटलं, वास येतोय का? म्हणाला, अत्तर मारलं असेल. पायपुसणी बघा, गाळाचा मागमूस नाही. नवीन टाकली असतील. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाचा डाग आहे का? नाही, म्हणजे बेल्टच बदलला असेल! गाडी जितकी चांगली निघावी तितका त्याचा संशय वाढायचा. शेवटी त्याने जो भाव सांगितला, त्यात सासूबाईंना नवी प्लॅस्टिकची खुर्ची आली असती.

मग दासगावचे एक गृहस्थ गाडी बघायला आले. ते म्हणाले, कागदावर गाडी पांढरी आणि दारात ही अशी; पोलिसांना काय सांगू? म्हणून हे पेणला आरटीओत जाऊन रंगाची नोंद करून आले. आल्यावर फीची पावती त्यांनी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. तोवर आळीत बातमी पक्की झाली होती की आमची गाडी पुरात बुडालीच होती, आम्ही इतकी वर्षं लपवलं. शेजारच्या काकू तर माझं सांत्वन करून गेल्या. शिमगा जवळ येत चालला होता आणि सासूबाईंनी माहेरचं नाव काढणंच बंद केलं होतं.

शेवटी नात्याचं एक शेतकरी जोडपं आलं. बाईंना रंग बघताक्षणी आवडला. "अगदी रामा हाय!" म्हणाल्या. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण त्यांच्या नवऱ्याने मान हलवली आणि तेच म्हणाले, पुरातली दिसते.

ओटीवर बसलेल्या सासूबाई उठल्या. गुडघे धरत गाडीपाशी आल्या आणि यांना म्हणाल्या, "मागली सीट उचल." यांनी सीट उचलली.

खाली मूठभर पेंढा होता. त्यात कोंबडीची पिसं, अंड्याची टरफलं, भाकरीचा वाळून खडखडीत झालेला तुकडा. मी डोळे मिटून घेतले.

सासूबाई म्हणाल्या, "पुराच्या त्या पावसात गाडी गोठ्यात होती, तवा माझ्या भावानं कोंबड्या हितं ठेवलेल्या. पुराचं पाणी आत शिरलं असतं तर ह्या टरफलांचा चिखल झाला असता. हात लावून बघा, कोरडी ठाक हायत. ही माझी सून गाडी झाडीत नाय. मी सांगून सांगून थकले."

नात्याच्या बाई माझ्याकडे वळल्या. "खरंच झाडीत नाय काय गो?"

आळीतल्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या. दिवाळीला "आमच्या घरात धुळीचा कण सापडणार नाही" असं याच आळीला ऐकवणारी मी. एकीकडे अब्रू, दुसरीकडे सासूबाईंचं माहेर.

"नाही हो," मी खणखणीत आवाजात सांगितलं. "पुराच्या आधीपासून नाही. सीटखाली तर कध्धीच नाही!"

सौदा तिथेच झाला. पांढऱ्या गाडीला जो भाव मिळत होता, तोच मिळाला. (रंगाचा खर्च कुणी विचारू नये.) नवी उंच गाडी आली. तिचा रंग ठरवायला मला कुणी बोलावलं नाही.

शिमग्याला ती गाडी न थांबता चढण चढली आणि थेट मामांच्या अंगणात उभी राहिली. सासूबाई आपल्या पायांनी उतरल्या, पालखी यायच्या आधी दारात जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. मामींनी विचारलं, एवढी मोठी गाडी कशी काय जमली? सासूबाईंनी मला हाताला धरून पुढे ओढलं आणि जमलेल्या अख्ख्या वाडीला अभिमानाने सांगितलं, "हिच्यामुळं! हिनं एकदा जरी झाडू मारला असता ना, तर आज मी खुर्चीतून आले असते."

लग्नाला इतकी वर्षं झाली. त्यांनी चारचौघांत माझं केलेलं हे पहिलं कौतुक.